दाजींचं अळणी ताट

दाजी, उद्या तुमचा तेरावा. परवा तुमचे थोरले भाऊ आप्पा कोरेगाव भीमाला एक फोन लावणार आहेत. तुम्ही जिथं जेवायला जायचात त्या सुकांतीच्या मेसची खोली ज्याच्या मालकीची आहे तो आप्पांचा व्याही, आणि व्याह्याचा शब्द तुमच्या भागात कोणी खाली पडू देत नाही. फोन झाला की आठवड्याच्या आत तिची भांडी रस्त्यावर येतील. हा फोन थांबेल अशी एकच गोष्ट आहे आणि ती तुमच्यामागं घरात एकट्या मला ठाऊक आहे. सांगितली तर सुकांती वाचते आणि माझी आक्का मोडते. नाही सांगितली तर उलट होतं. मला असं अडकवून तुम्ही निवांत गेलात. म्हणून आधी हेच सांगून टाकतो की मला तुमचा राग आला आहे. रडून झालं आहे, अजूनही मध्येच रडू येतं, पण राग त्याच्याही वरचढ आहे.

आक्काचं म्हणणं सरळ आहे. गेल्या साली तुमच्या छातीत कळ आली, शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथून आलात ते मीठ बंद, तेल बेताचं, बाहेरचं खाणं बंद असा हुकूम घेऊन. तेव्हापासून ती तुमच्यासाठी बिनमिठाचं शिजवायची. तुम्ही दोन घास खाऊन ताट सारायचात, पिकअप काढायचात आणि बाहेर जेवून यायचात. गेलात त्या दुपारीही सुकांतीकडून जेवून आला होता. दारातल्या खुर्चीत बसलात, पाणी मागितलंत, आणि आक्का तांब्या घेऊन येईपर्यंत तुमची मान कलली होती. डॉक्टर म्हणाले की हृदयच दमलं होतं, कुणाचा दोष नाही. आक्काला ते पटलेलं नाही. तिच्या लेखी तुम्हाला त्या मेसवालीनं खाऊ घालून मारलं.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. नदीवरून आल्यावर भावकीतल्या बायका कडू घासाचं घेऊन आल्या. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा, नेहमीसारखं. तुमच्या घरची चूल पेटवायची नव्हती. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. सुकांतीचा नवरा आणि मागं सुकांती, मांडीवर कापडात बांधलेलं पातेलं. ती दारात उभी राहिली, आत यायचं धाडस तिला झालं नाही. आक्का कुणी धरायच्या आत उठली.

"खाऊ घालून मारलंस," ती म्हणाली. "आता आमाला बी घालाया आलीस व्हय?"

सुकांतीला शब्द कळले नसतील, पण बाकीचं कळलं. आप्पा ओट्यावरूनच म्हणाले, "ह्या बिहाऱ्यांना गावात पाय ठेवू द्यायचा न्हाई." मला तुमची आठवण आली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बिहारी न्हाई आप्पा, ओरिसाची हाय ती." दर वेळी म्हणायचात आणि दर वेळी आप्पा तेच बोलायचे. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. तिनं पातेलं माझ्या हातात दिलं. भात होता, आणि त्यात तळलेला कडुलिंबाचा पाला कालवलेला. "हमारे उधर भी पहला दिन कडवा खाते हैं, दादा," ती म्हणाली. मी ते बांधावर उभ्यानं खाल्लं. कडूजहर होतं. पातेलं मोकळं करून परत दिलं, नाहीतर तिला कुत्र्याला घालावं लागलं असतं.

आता तुमच्या या बाहेरच्या खाण्याबद्दल थोडं. त्याचं खापर मी माझ्यावर फुटू देणार नाही. मी दौंडचा, रेल्वेतला माणूस. आम्ही लहानपणापासून एका गल्लीत इडली, दुसऱ्या गल्लीत छोले खात वाढलो, कारण रेल्वेनं सगळा देश आणून आमच्या कॉलनीत उतरवला होता. मला वाटायचं, खाण्यातलं कळतं ते आपल्याला. मग आक्काचं लग्न झालं आणि न्हावऱ्याचा एक शेतकरी माझा दाजी झाला. तो स्वतःचा कांदा आणि गावचा भाजीपाला पिकअपमध्ये भरून कंपन्यांच्या पट्ट्यातल्या मेसवाल्यांना पोचवत होता. मेसचं मागचं दार तुम्हाला उघडं होतं. गिऱ्हाइकाला पुढून दिसतं ते तुम्हाला कधी बघावंच लागलं नाही.

पहिल्यांदा मला घेऊन गेलात ते सणसवाडीच्या अलीकडं, एका पत्र्याच्या टपरीत. मी भिंतीवरचा बोर्ड वाचायला लागलो. तुम्ही माझी मान वळवलीत.

"पाव्हणं, ते वाचू नगा. ते लोकांसाठी लिवल्यालं हाय." मग आचाऱ्याला विचारलंत, "भैया, तुमने क्या खाया सुबे?"

तो म्हणाला, लिट्टी आणि चोखा, पण ते घरचं आहे, विकायचं नाही.

"वोईच देव," तुम्ही म्हणालात.

त्यानं राखेतून काढलेली लिट्टी, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, झटकून दिली, वर भाजलेल्या वांग्याचा चोखा. मोहरीचं तेल नाकात गेलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही माझ्याकडं बघून हसत होता. त्यानंतर माझ्या प्रत्येक सुट्टीला आपण हेच केलं. तेलुगू मेसमध्ये मालकीणबाईंनी स्वतःसाठी ठेवलेली अंबाडीची चटणी तुम्ही काढून घेतलीत. बंगाली पोरांच्या खोलीवर रोहू माशाचा रस्सा खाल्ला तेव्हा काटा माझ्या घशात अडकला आणि तुम्ही मला कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावलात. शिरूरच्या स्टँडजवळच्या नेपाळ्यानं मोमोची ताटली पुढं केली, ती तुम्ही बाजूला सारलीत आणि त्याच्या चुलीवरचं काळ्या डाळीचं वरण मागून घेतलंत. सगळीकडं तोच एक प्रश्न. तुम्ही काय खाल्लं.

आपला वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचो, रेल्वे क्वार्टरमधल्या अम्मांच्या खिडकीतली इडली, तिच्यापुढं तुमचा सगळा हायवे फिका. तुम्ही म्हणायचात, "दौंड म्हंजी रिटायर झाल्यालं गाव. तितं समद्यांची पेन्शन चालू हाय. भूक बघायची तर शिफ्ट सुटती तितं चला." अम्मांची इडली तुम्ही एकदा खाल्लीत, बोटं चाटलीत आणि तोंडानं कबूल केलं नाहीत. तो वाद तुम्ही हरलेला आहात, हे आता कुणाला सांगू ते सांगा.

आणि पुणं. माझ्या मुलानं आपल्याला हौसेनं एका मोठ्या हॉटेलात नेलं होतं, जिथं पेशावरपासून जाफन्यापर्यंतचं सगळं एका छताखाली मिळतं म्हणे. कार्ड जाड पुठ्ठ्याचं. तुम्ही ते उघडलंच नाहीत. वेटरला म्हणालात, "तुमी काय जेवलात?" तो गोंधळला. म्हणाला, स्टाफसाठी खिचडी आहे, ती मेनूत नाही सर. "मंग मेनूतलं कोण खातं?" तुम्ही खरोखर माहिती पाहिजे म्हणून विचारलंत. माझा पोरगा टेबलाखाली शिरायचा तेवढा बाकी राहिला. खिचडी मिळाली नाही, आपण कसलासा कबाब खाल्ला, आणि परत येताना तुम्ही म्हणालात की एवढ्या मोठ्या शहरात एकाला पण आपलं ताट दाखवायची हिंमत नाही.

हसू येतं आहे लिहिताना. आणि मग ते गेलं साल आठवतं.

पुण्याहून आल्यावर तुमचं जेवण म्हणजे घरातली रोजची लढाई झाली होती. मी दोनदा समोर बसून पाहिली आहे. आक्का ताट वाढायची आणि पुढ्यात बसायची. स्वतः जेवायची नाही. तुमचा हात तोंडाकडं गेला की तिचे डोळे त्याच्याबरोबर जायचे. तुम्ही म्हणायचात, "ह्ये काय, जनावराला बी मिठाचा खडा देत्यात." ती म्हणायची, "खावा गुमान." तुम्ही ताट सारायचात. ती उचलायची, आत जायची आणि आमच्याकडं पाठ करून तिथंच आपलं उरकायची. तुम्ही पिकअपची किल्ली घ्यायचात.

मला वाटलं होतं, तुम्ही जिवावर उदार होऊन चमचमीत खायला जाता. म्हणून एका सुट्टीला आक्कानंच मला तुमच्यामागं पाठवलं, जाऊन बघ आणि थांबव म्हणून. तुम्ही सुकांतीच्या बाकावर होता. आजूबाजूला पहिली पाळी सुटलेली पोरं भात ओरपत होती. सुकांतीनं तुमच्यासाठी कोपऱ्यातलं वेगळं छोटं पातेलं उघडलं. मी बोट बुडवून चाटलं. भोपळा, कच्ची पपई, तुरीची डाळ, सगळं एकत्र शिजवलेलं. मिठाचा कण नाही.

"तोंड बंद ठेवायचं, पाव्हणं," तुम्ही म्हणालात.

"घरी हेच तर मिळतं," मी म्हणालो. "तिथं का खात न्हाई?"

तुम्ही भात कालवलात. "ती वाढती आन् समूर बसती. घास गिळला का न्हाई बघती. मला आत्ताच मेल्यागत वाटतं बघा. हितं कोण बघत न्हाई. पोरं बोलत्यात, मी बी बोलतो, घास जातो."

"मग हे तिला सांगा."

"सांगीन की. गडबड काय हाय."

हाच तो आपला शेवटचा वाद, आणि तो कितीदा झाला याचा हिशोब नाही. फोनवर झाला, पिकअपमध्ये झाला, अम्मांच्या खिडकीशी झाला. दर वेळी तुमचं एकच. गडबड काय हाय. मी आक्काला सांगितलं की दाजी तिथं जपून खातात. ती म्हणाली, तू त्यांचाच. विषय संपला.

आता मी तिला काय सांगू? तुझा नवरा त्या बाईच्या हातचं अळणी मुकाट्यानं खात होता आणि तुझ्या हातचं तेच अळणी सारत होता? वर्षभर चुलीपुढं जीव काढणाऱ्या बाईला हे सांगायचं, तेही तेराव्याला? तिचा राग आहे तोवर ती उभी आहे. तो राग काढून घेतला तर खाली काय उरतं ते मला बघवणार नाही. आणि तिकडं सुकांती रोज चूल पेटवते आहे, परवाचा फोन तिला माहीत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो आहे, दौंडला, घरी बसून.

तेरावा पार पडला. गोडाचं जेवण झालं, आहेर झाले, आप्पांनी पटका बांधून घेतला. रीतीप्रमाणं तेराव्यानंतर बहिणीला भावानं आपल्या घरी जेवायला न्यायचं असतं, मगच तिचं बाहेर जाणं-येणं सुरू होतं. आप्पा म्हणाले, "न्या तिला दौंडला. भावाचं जेवान झालं की मी फोन लावतो. त्याच्या आदी वंगाळ बोलणं नगं." म्हणजे मला तेवढाच अवकाश होता, एका जेवणाचा.

दुसऱ्या दिवशी तुमची पिकअप बाहेर काढली. आक्का शेजारी बसली, मांडीवर हात ठेवून. चौकात आल्यावर मी दौंडचा रस्ता सोडला आणि तळेगावच्या अंगाला वळलो. खरं सांगतो, वळेपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं.

"दौंड हिकडं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

ती पुढं काही विचारेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. शिक्रापूर गेलं, गाड्या वाढल्या, कंपन्यांचे पत्रे दिसायला लागले तशी तिला जागा कळली असावी. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मला वाटत होतं, ती आता गाडी थांबव म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी थांबवली असती.

दोन पाळ्यांच्या मधली वेळ होती. बाक रिकामे. पिकअपचा आवाज ओळखून सुकांती आतून जवळजवळ धावतच बाहेर आली, आणि मग मला आणि आक्काला बघून जागच्या जागी थांबली. तिच्या हातात पळी होती. क्षणभर तिला तुम्हीच आलात असं वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसलं, दाजी. आक्कानंही ते पाहिलं.

आक्का खाली उतरली. बाकावर बसली. मला वाटलं, आता शिव्या सुरू होतील.

"उनको क्या देते थे तुम?" तिनं विचारलं.

सुकांतीनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"डरो मत. जो देते थे, वोईच देव मेरे को."

हे तिनं कुठून उचललं, मला माहीत नाही. तुमचंच हिंदी, तुमचाच सूर.

संध्याकाळच्या डाळीत अजून मीठ पडलं नव्हतं. सुकांतीनं त्यातली थोडी छोट्या पातेल्यात काढली, तेच पातेलं, जिरं परतलं, भात वाढला, वांग्याचं भरीत वाढलं आणि ताट ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा नवरा दारात येऊन थांबला.  आक्कानं घास कालवला, तोंडात घातला आणि थांबली. मग दुसरा घास घेतला, सावकाश चावला.

"ह्यात मीठ न्हाई," ती मला म्हणाली. मग सुकांतीला, "नमक?"

"नहीं माँ. बाबा का अलग पकता था. साल भर से. डॉक्टर मना किया था ना."

मी आक्काच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. ज्याची मला भीती होती तीच गोष्ट तिच्यापुढं ताटात वाढलेली होती आणि ती मी बोललोही नव्हतो. ती जेवत राहिली. सगळं ताट तिनं संपवलं, भाताचं शीतही ठेवलं नाही. मग विचारलं, "इतं बसून काय बोलायचे ते?" मराठीतच विचारलं, पण सुकांतीला कळलं.

"पहले पूछते थे, माउसी, तुमने क्या खाया? रोज पूछते थे. मैं बताती थी. फिर खाते थे."

आक्का उठली. सुकांती ताट घ्यायला पुढं आली तर तिनं दिलं नाही, नळावर जाऊन स्वतः घासलं आणि पालथं घातलं. जाताना तिनं सुकांतीच्या खांद्यावर ओला हात ठेवला. सुकांती रडायला लागली. आक्का नाही रडली.

परतीच्या वाटेवर तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आप्पांना फोन लाव. म्हनावं, त्या पोरीच्या खोलीला हात लावायचा न्हाई. माझं नाव सांग."

मी गाडी कडेला घेतली, फोन लावला, सांगितलं. आप्पा भांडले नाहीत. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मला वाटलं, झालं, सुटलो. मी गाडी सुरू केली. न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो होतो तेव्हा ती पुन्हा बोलली.

"मी बी सालभर अळणीच खाल्लं."

मला आधी कळलंच नाही.

"घरात दोघंच मान्सं. लेक तिच्या घरी. दोन भाज्या कशापायी करायच्या? आन् त्यांनी मीठ खायाचं न्हाई आन् म्या खायाचं, उतरतं व्हय घशाखाली? त्यांनी सारल्यालं ताट मीच संपवायचे की आत जाऊन."

"दाजींना सांगितलं न्हाईस कधी?"

"त्यांनी इचारलं का?" तिचा आवाज चढला नाही. "त्या बाईला रोज इचारायचे. साऱ्या हायवेच्या आचाऱ्यांना इचारत हिंडले. मला एवढ्या सालांत एकदा बी न्हाई इचारलं, तू काय खाल्लं म्हणून."

 दाजी, पुढची ट्रॉली हलली तशी मीही गाडी पुढं घेतली. तुम्ही मला खायला शिकवलंत, माणसाच्या ताटात डोकावायला शिकवलंत, आणि त्याबद्दलचे उपकार मी विसरणार नाही. पण तुम्ही त्या एका ताटात डोकावला असता तर दोघं एका बाकावर बसून अळणी जेवला असता, आणि वर मिठाला शिव्या दिल्या असत्या. एवढंच करायचं होतं. मीही समोर बसलो होतो, मीही तिची पाठच पाहिली, म्हणून तुम्हाला फार बोलतही नाही.

माझ्या घरी पोचेपर्यंत अंधारून आलं. बायकोनं पुरण घातलं होतं, भावाचं जेवण म्हणून. आक्का म्हणाली, पोट भरलंय, पण रीत म्हणून दोन घास खाते. खाल्ले. बायकोनं आमटीला मीठ बरोबर आहे का विचारलं, तर म्हणाली, "मला आता कळत न्हाई गं."

ती चार दिवस इथंच आहे. उद्या सकाळी तिला अम्मांच्या खिडकीवर घेऊन जाणार आहे. अम्मांना आधी विचारीन, तुम्ही काय खाल्लं. आणि त्याच्याही आधी, निघताना, आक्काला विचारीन.